कापलं की व्रण राहणारच, पण कसा?

संपादक साहेब, नमस्कार.

मी ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे. परवा तुमच्या आरोग्याच्या पानावर वाचलं की आता असं मशीन आलंय की ऑपरेशनचा डाग राहतच नाही. हसूच आलं. कातडी आरपार कापली की व्रण राहणारच, बारीक राहतो की जाड एवढंच काय ते, आणि त्यातलं बरंचसं त्या चिमुकल्या ब्लेडवर असतं, त्याबद्दल एक ओळ पण नाही!

लोकांना वाटतं ब्लेड म्हणजे ब्लेड. पोटावर लांब चीर घ्यायची तर १० नंबर, चेहरा-पापणी असली की १५, तेही पेनासारखं धरून. ११ टोकदार, ते गळू फोडायला, त्याने लांब रेघ ओढायला गेलं की कुठे खोल कुठे उथळ. गंमत म्हणजे तिन्ही एकाच ३ नंबरच्या हँडलला बसतात, त्यामुळे नवीन पोरं हाताला येईल ते लावायची आणि मी जाम ओरडायचे. धार गेली की बदलायचं, बस्स. बोथट ब्लेडने दोन-तीनदा ओढलं की कडा फाटल्यासारख्या होतात, मग वरून कितीही नाजूक टाके घाला. तरी नवीन ब्लेड मागितलं की तोंड वाकडं करणारे मी पाहिलेत.

भिंगाचं तर भलतंच, जितकी जास्त पट तितका मोठा डॉक्टर असं वाटतं लोकांना. अहो, चीर घ्यायला डोळ्यावर चष्म्यासारखं लावायचं अडीच-साडेतीन पटीचं भिंग, म्हणजे लूप, पुष्कळ झालं, पट वाढवली की दिसणारी जागा लहान होते आणि मान जरा हलली की सगळं धूसर. केसांच्या रोपणासाठी मुळं सुटी करायची असतील तर मायक्रोस्कोप हवाच, ते वेगळं. आणि केसांवरून आठवलं, एरवी ब्लेड कातडीला काटकोनात धरतात पण डोक्यावर, भुवईत केस ज्या बाजूला कललेत तसंच तिरकं धरावं लागतं, नाहीतर मुळं कापली जातात आणि तिथे टक्कल राहतं.

चीर कुठल्या दिशेने घ्यायची त्याचं पण असंच आहे. ऑस्ट्रियाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये प्रेतांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडली तर ती लांबट झाली, म्हणजे कातडीला स्वतःचा ताण असतो, आणि त्याला दिशा असते; त्या दिशेने कापलं की कडा कमी ओढल्या जातात. चेहऱ्यावर सुरकुतीच्या रेषेत चीर घेतात ती म्हणूनच.

पुढच्या वेळी मशीनचा फोटो छापाल तेव्हा शेजारी १५ नंबरचं ब्लेड पण छापा, जागा फार लागणार नाही.

आपली,
एक रिटायर्ड ओटी सिस्टर