जेसीबीवाल्या दादांना, ज्यांचं नाव विचारायचं राहून गेलं

दादा,

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या दिवशी विचारायचं सुचलंच नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाकडच्या रस्त्यावर आले तर तुमचं मशीन पुढच्या कामाला निघून गेलं होतं. मुकादम म्हणाले, "बीडकडचा पोरगा होता, आता कुठल्या साइटवर आहे काय ठाऊक." म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणाच्या तरी फोनवरून ते तुमच्यापर्यंत पोचावं.

आमचं गाव कृष्णाकाठचं, लहानसं. घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला दोन दगड होते. एक वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, आणि एक सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा. माझ्या लहानपणी आजी नदीवरून येताना वीरगळीपाशी कळशी टेकवून दम खायची आणि कळशीतलं ओंजळभर पाणी तिच्यावर घालायची. कशासाठी, ते तिलाही सांगता यायचं नाही. मला त्या दगडाचा अर्थ कळला तो फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर. तोवर मीही त्याला नुसता 'दगडोबा'च म्हणत होते.

वीरगळ खालून वर वाचायची असते. आमच्या दगडाच्या तळाच्या पट्टीत एक माणूस आडवा पडलाय आणि त्याच्यामागे गाई आहेत, एकीमागे एक, शिंगं अजून बोटाला लागतात. म्हणजे तो गाई सोडवताना मेला. मधल्या पट्टीत दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला वर नेतायत. त्याच्या वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय. आणि अगदी माथ्याला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर तुझी आठवण राहील. अक्षर एकही नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळींवर ते नसतंच, त्यामुळे त्याचं नाव काय, कुणाच्या राज्यात मेला, काही कळत नाही. पूर्वी तिथे नदीला उतार होता, गुरं तिथूनच पलीकडे जायची. तिथेच कुठेतरी गाठ पडली असावी असं मला वाटतं. त्याच्या गाववाल्यांनी पदरचं धान्य, पैसा मोडून पाथरवट बसवला आणि हा दगड घडवून घेतला. आभार मानायची त्यांची ती रीत होती, दादा.

शेजारची सतीशिळा आता नाही. कोपरात वाकवलेला एक हात होता तिच्यावर, मनगटभर बांगड्या. चार वर्षांपूर्वी गटाराच्या कामात ती फुटली. वरचा अर्धा तुकडा मोरीच्या कठड्यात सिमेंटमध्ये गेला. बांगड्यांची कड अजून दिसते तिथे. त्या रस्त्याने जाताना मी तिकडे बघत नाही.

म्हणून यंदा रुंदीकरणाची खूण वीरगळीच्याही पलीकडे पडली तेव्हा मी आधीच पळापळ सुरू केली. कुठे कुठे गेले ते सांगत बसत नाही, नावंही घेत नाही. एका ठिकाणी सांगितलं, यादीत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आमच्याकडे येत नाही. शंभर वर्षांहून जुनं शिल्प कायद्याने पुरावस्तू ठरतं, तो कायदा १९७२ चा आहे, हे मी पाठ करून गेले होते. ते कुणी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. मी अक्षीचा दाखला दिला. अलिबागजवळच्या त्या गावातला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, मराठीतल्या सगळ्यांत जुन्या कोरीव लेखांमध्ये धरला जातो. तोही वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेलाच उन्हापावसात उभा होता. रस्त्याच्या कडेला आहे म्हणून दगड फालतू ठरत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. समोरच्या साहेबांनी फाइल मिटली आणि विचारलं, "बाई, पूजा होते का तिथे रोज? गर्दी असते का?" मी म्हटलं, नाही. "मग अडचण काय आहे?"

हा प्रश्न माझ्या मनात अजून सलतो.

गावातल्यांवरही माझा राग आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्याकडे ढोल-लेझीम झालं, फेटे बांधले गेले. ती मिरवणूक या दगडावरून गेली, कुणी मान वळवली नाही. फोटो काढायला येणारे मात्र खूप. शेंदूर खरवडू नका, खडूने रेषा ओढू नका म्हणून मी सांगायची. त्यांनी भराभर फोटो टाकले, मजकूर लिहिला, आणि मशीन आलं त्या दिवशी त्यांतल्या चौघांना फोन केला तर चौघंही कामात होते.

त्या दिवशी मी नुसती दगडापुढे जाऊन उभी राहिले. हातपाय थरथरत होते. तुम्ही हॉर्न दिला, मग मशीन बंद केलं. मला वाटलं, आता ओरडणार. तुम्ही खाली उतरलात, दगडाकडे पाहिलंत आणि विचारलंत, "ताई, देव हाय का ह्यो?"

खोटं बोलले असते तर सोपं होतं. हो म्हटलं असतं, नारळ फोडला असता, दगड वाचला असता. पण का कोण जाणे, मी म्हटलं, "नाही हो, देव नाही. माणूस आहे. गाई सोडवताना मेलेला."

तुम्ही क्षणभर काही बोलला नाहीत. मग पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्यात आणि अनवाणी पुढे येऊन दगडाला हात लावलात.

दादा, गेले आठ दिवस मला तेवढंच दिसतंय. दुपारची वेळ, खडी तापलेली, त्या खडीवर तुमचे उघडे पाय, आणि बाजूला डांबर लागलेल्या त्या चपला. देवापुढे तर सगळेच चपला काढतात. माणूस आहे म्हटल्यावर काढणारे तुम्ही पहिले. इतकी वर्षं मी ज्या कुणाशी या दगडाबद्दल बोलले, त्यांना तो देव तरी हवा होता नाहीतर राजा. गाई वाचवायला गेलेला कुणीतरी एक गडी, एवढं तुम्हाला पुरलं.

पुढचं सगळं भराभर झालं. मुकादम कुरकुरले, तुम्ही म्हणालात, "अर्ध्या तासाचं डिझेल माझ्याकडनं कापा." साखळीने दगडाच्या कडा झिजतील म्हणून केबिनमधली तुमची गोधडी काढून त्याला गुंडाळलीत, वरून पट्टा घातलात. बकेट इतक्या हळू उचललंत की मला श्वास घ्यायचं भान नव्हतं. आणि दगड नव्या जागी टेकायच्या आधी विचारलंत, "ह्याचं तोंड कुणीकडं होतं?" ते मलाही पटकन सांगता येईना. नदीकडे होतं. तुम्ही परत उचलून फिरवून नदीकडे केलंत.

चहा पिताना तुम्ही म्हणालात, तुमच्या गावात वेशीपाशी असाच एक दगड आहे, पोरं त्यावर चढून बसतात. मी तुम्हाला बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळींचं सांगितलं, त्यांवर लढाईची गलबतं कोरली आहेत ते ऐकून तुम्ही हसलात. "दगडावर जहाज?" म्हणालात. हो, दगडावर जहाज. तुमच्या वेशीतल्या दगडावर खालच्या पट्टीत काय आहे ते गावी गेलात की नक्की बघा. ओला करून बघा, तिरप्या उन्हात, सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर. झिजलेली रेघसुद्धा तेव्हा उठून येते.

शिकलेल्या, पदावरच्या माणसांवरचा माझा विश्वास उडत चालला होता, ते इथे लपवत नाही. चांगुलपणाला हुद्दा लागत नाही असं आजी म्हणायची. तुम्हाला कुणी आदेश दिला नव्हता, कुणी बघतही नव्हतं. अर्ध्या तासाचं डिझेल तुमच्या मजुरीतून खरंच कापलं असेल तर ते मला द्यायचं आहे, आणि त्यात संकोच करू नका.

दगडाशेजारी आता पाटी लावलीय. शाळेतल्या मुलांनी रंगवली. खालून वर कसं वाचायचं ते बाण काढून दाखवलंय. तुमचं नाव माहीत असतं तर तेही कोपऱ्यात घातलं असतं. मुलांनी तेवढी जागा मोकळी ठेवलीय.

आणि तुमची गोधडी इथेच राहिली. एका टोकाला दगडाच्या कडेने फाटली होती, तिथे ठिगळ लावलंय. शेंदराचा डाग मात्र दोनदा धुऊनही निघाला नाही. उन्हात वाळवून घडी घालून ठेवलीय. थंडीच्या आत येऊन घेऊन जा.

तुमची,
घाटावरची ताई