ही जागा तू घे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. निवड झाल्याचं वाचून फार आनंद झाला. पण शेवटी "घ्यावी की नाही, अजून मन होत नाही" असं लिहिलंयस, म्हणून आजच उत्तर लिहितोय. जन्मभर जहाजमालकांची आणि विमा क्लबांची, म्हणजे जहाजमालकांनीच मिळून चालवलेल्या विमा संघांची, वकिली केल्यावर सरकारी नौवहन खात्यात वरिष्ठ विधी अधिकारी होऊन करायचं काय, हा तुझा प्रश्न. मसुदे तपासायचे, फायलींवर अभिप्राय लिहायचा आणि निवृत्तीची वाट बघायची? मी त्या खात्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत, तेव्हा मला जे दिसलं ते सांगतो.

त्या खुर्चीचा सगळा कस एकाच गोष्टीत लागतो. ती म्हणजे जहाज रोखून धरण्याचा अधिकार. बाकीची कामं तू डोळे मिटून करशील.

समज, सर्व्हेअर, म्हणजे जहाज तपासणारा आपला अधिकारी, एका परदेशी जहाजावर चढलाय. इमर्जन्सी जनरेटर तीन वेळा प्रयत्न करूनही सुरू होत नाही. लाइफबोट ज्या हुकावर लटकते तो हूक गंजून जाम झालाय. पहाटेच्या भरतीला जहाज सुटायचंय, माल भरून झालाय, एजंट सारखा फोन करतोय आणि मालकाच्या वकिलाची नोटीस मेलवर येऊन पडली आहे. आजवर ती नोटीस तू पाठवत होतास. आता ती तुझ्याकडे येईल आणि सर्व्हेअर विचारेल, "साहेब, रोखू का?"

1974 च्या सोलास कराराचं, म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, पहिलं प्रकरण, नियम 19, तुला तोंडपाठ आहे. जहाजाला किंवा त्यावरच्या माणसांना धोका असेल तर बंदराच्या सरकारने ते सुटू देऊ नये, असं तो नियम सांगतो. आणि त्याच नियमात पुढे हेही आहे की विनाकारण अडकवलं किंवा उशीर केला तर जहाजाला नुकसानभरपाई मागता येते. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तुला काम करायचंय. तिथे "जहाज असुरक्षित वाटते" असा शेरा कुचकामी असतो. हूक कोणी ओढून पाहिला, किती वाजता, जहाजाचा कोण अधिकारी तेव्हा हजर होता, कोणत्या नियमाचा भंग झाला, काय दुरुस्त केलं की जहाज सुटेल, ध्वजराष्ट्राला, म्हणजे जहाज जिथे नोंदलंय त्या देशाला, कळवलं का? हे सगळं त्याच रात्री कागदावर यायला हवं. चांगले सर्व्हेअर जहाज बघून दहा मिनिटांत ओळखतात, पण ओळखलेलं कोर्टात टिकेल असं लिहायला त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. मी फिरतीवर जाऊन त्यांच्याबरोबर जहाजं चढायला लागलो, तेव्हापासून आमचे आदेश टिकायला लागले. तूही तेच कर. एसीत बसून हे काम होत नाही.

आता मला खरं सांगायचंय ते. जहाज रोखल्यावर आपली जबाबदारी संपली असं बहुतेक खाती समजतात, आणि तिथेच सगळ्यात मोठा अन्याय होतो. जुन्या जहाजाच्या दुरुस्तीचा खर्च जहाजाच्या किमतीच्या वर गेला की मालक फोन उचलणं बंद करतो. पगार थांबतात, डिझेल संपतं, पाणी संपतं. आपण सुरक्षिततेसाठी काढलेल्या आदेशामुळे तीच माणसं जहाजावर कोंडली जातात.

'अमान' नावाच्या जहाजाचं प्रकरण तुला आठवत असेल. जुलै 2017 मध्ये इजिप्तच्या अदाबिया बंदरात ते सुरक्षा साहित्याची आणि वर्गीकरणाची (बांधणी व यंत्रं ठीक असल्याची) प्रमाणपत्रं कालबाह्य झाली म्हणून रोखलं गेलं. कारण अगदी रास्त होतं. पुढे मालक पैशाच्या अडचणीत आला आणि स्थानिक कोर्टाने जहाजाच्या चीफ ऑफिसरला त्या जहाजाचा कायदेशीर रक्षक नेमलं. बाकीचे खलाशी एकेक करून घरी गेले. याला मात्र जहाज सोडता येईना. शेवटी तो एकटाच उरला. जहाजावर वीज नव्हती. वादळात जहाज किनाऱ्याजवळ वाहत आल्यावर तो पोहत किनाऱ्याला जायचा, मोबाइल चार्ज करून, खायचं घेऊन परत यायचा. तो सुटला एप्रिल 2021 मध्ये. जवळजवळ चार वर्षं, सुहास, आणि त्याच्यावर कसलाही गुन्हा नव्हता! त्या फाईलवर सही करणाऱ्या प्रत्येकाने बहुधा नियमाप्रमाणेच सही केली असेल. म्हणून तर मला ते प्रकरण विसरता येत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो तुझ्या हातात असेल. 2006 च्या सागरी श्रम कराराच्या दुरुस्त्या 18 जानेवारी 2017 पासून लागू आहेत. खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर त्यांचा घरी जाण्याचा खर्च, अन्नपाणी आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार देईल असा विमा मालकाने घ्यावाच लागतो. दोन महिने पगार न देणं हेसुद्धा सोडून देण्यातच मोडतं. त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं आणि त्यावर मदत कोणाकडे मागायची तो पत्ता छापलेला असतो. मी असा दंडक घातला होता की रोखण्याच्या आदेशाबरोबर त्या प्रमाणपत्राचा फोटो फाईलला लागलाच पाहिजे, आणि तारीख पाहिल्याशिवाय आदेश पुढे जाणार नाही. सुरुवातीला कुरकुर झाली. नंतर सर्व्हेअर स्वतःहून मेसमध्ये जाऊन भिंतीवरचा तो कागद वाचायला लागले, आणि तिथे गेले की खलाशी त्यांच्याशी बोलायला लागले. तुझ्या क्लबांशी तू वर्षानुवर्षं बोलत आलायस. त्यांच्याकडून हा पैसा वेळेत कसा काढायचा हे खात्यात तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल.

दुसरं काम मसुद्याचं. ते रुक्ष वाटतं, पण याच आदेशांचा पाया तिथे आहे. सोलासच्या तांत्रिक दुरुस्त्या कशा लागू होतात ते बघ: एक तृतीयांशाहून अधिक देशांनी, किंवा जगातल्या जहाजांचा निम्मा टनभार ज्यांच्याकडे आहे अशा देशांनी हरकत घेतली नाही तर ठरलेल्या तारखेला त्या आपोआप अमलात येतात. आपण गप्प बसलो तरी बांधले जातो. पण बऱ्याच देशांत घरचा कायदा मात्र आपोआप बदलत नाही. मग सर्व्हेअर नवा नियम दाखवून जहाज रोखतो, समोरचा वकील विचारतो की हा नियम तुमच्या कायद्यात आहे कुठे, आणि आदेश पडतो. तू स्वतः असे आदेश पाडलेले आहेस. ती भोकं कुठे असतात ते माहीत असलेला माणूस आतल्या बाजूला असावा, असं मला फार वाटतं.

कधीतरी 'प्रेस्टिज'सारखी रात्रही येईल, त्याची तयारी ठेव. नोव्हेंबर 2002 मध्ये स्पेनच्या किनाऱ्यापाशी त्या तेलवाहू टँकरला तडा गेला, आसरा न देता त्याला खोल समुद्राकडे पाठवलं गेलं, आणि 19 तारखेला तो दुभंगला. कप्तान 83 दिवस कोठडीत होता, जामीन 30 लाख युरो. तो शेवटी मालकाच्या विमा क्लबाने भरला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2010 मध्ये ती रक्कम योग्य ठरवली. मला तो निकाल आजही पटत नाही; ज्याला आसरा मिळाला नाही त्यालाच सगळ्या प्रदूषणाचा चेहरा बनवलं गेलं. अपघाताच्या पुढच्याच वर्षी, 2003 मध्ये, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने आसऱ्याच्या जागांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा गाभा असा की आधी जहाजाची पाहणी करा, मग ठरवा. मंत्र्यांना रात्री अकरा वाजता एका पानात ते सांगायचं काम विधी अधिकाऱ्याचं. ते पान आधीपासून तयार ठेव.

पगार कमी होईल, हे खरंच आहे आणि त्यावर मी काही बोलणार नाही. जुन्या अशिलांच्या प्रकरणांतून पहिल्याच दिवशी लेखी बाजूला हो, नावं यादीत दे, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवणार नाही.

होकार देण्याआधी त्यांना एक गोष्ट विचार. विधी अधिकाऱ्याला सर्व्हेअरशी थेट बोलता येतं का, की फक्त फाईल वर आल्यावर? फक्त फाईलवर म्हणाले, तर हे बदलून मिळेल का ते लेखी माग. मिळत असेल तर अजिबात मागे हटू नकोस. रुजू व्हायची तारीख कळव, माझ्याकडच्या आदेशांचे जुने नमुने त्याआधी पाठवून देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर