देवराईतला पातेरा झाडून काढू नका

संपादक साहेब, नमस्कार.

यंदा शिमग्याच्या आधी आमच्या गावच्या देवराईची साफसफाई झाली. देवळाचा जीर्णोद्धार झालाय, चाकरमान्यांनी मनापासून वर्गणी दिली, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण साफसफाई म्हणजे काय केलं, तर देवळामागच्या आठ-दहा गुंठ्यांतली खालची सगळी झुडपं कोयत्याने मारली, पातेरा, म्हणजे खाली पडलेला पाचोळा, झाडून ढीग लावले आणि पेटवून दिले. मोठ्या झाडांना कुणी हात लावला नाही, त्यामुळे गावाला वाटतंय राई आहे तशीच आहे. ती तशी राहिलेली नाही म्हणून हे लिहितोय.

दाट राईत जमिनीवर ऊन पोचतं ते जेमतेम 1-2 टक्के. तिथली रोपं तेवढ्यावरच जगायला तयार झालेली असतात, पानं रुंद आणि पातळ, वरची फांदी हलली की घडीभर कवडसा पडतो त्यात बरंचसं अन्न करून घेतात. अशा रोपावर एकदम उघडं ऊन आलं की पान करपतं. आणि आपली जांभ्याची माती मुळात आंबट, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कस टिकणार कुठे? जो काही कस आहे तो वरच्या कुजलेल्या पातेऱ्याच्या थरात, म्हणून बारीक मुळंही तिथेच पसरलेली असतात, खाली जात नाहीत. तो थर जाळला की रोपाचं ताटच काढून घेतल्यासारखं आहे.

गेल्या रविवारी पावसातच जाऊन आलो. न झाडलेल्या बाजूला पातेऱ्यात हात घातला तर चार बोटं सहज आत गेली, काळी भुसभुशीत माती, पांढऱ्या बुरशीचे धागे, गांडुळं. पेव, दिंडा, सापकांदा वर आलेले, आणि जांभळाची इतकी रोपं की पाय कुठे ठेवावा कळेना. जांभळाचं बी वाळलं की मेलं, ते ओल्या पातेऱ्यातच रुजतं. झाडलेल्या बाजूला बोट रुतत नाही, जमीन फरशीसारखी, लाल पाणी उताराने वाहत होतं, मोठ्या झाडांची मुळं उघडी पडलीत. बाजूने ऊन शिरल्यामुळे रानमोडीचं तण मात्र गुडघाभर झालंय. जांभळाचं एकही रोप दिसलं नाही, मी बराच वेळ शोधलं.

काही जण म्हणतात झाडं लावू की परत खड्डे काढून. पण सावलीतलं रोप तापलेल्या, कडक मातीत धरत नाही, आणि आज जी बेहडा-सातवीणची झाडं उभी आहेत ती कुणी खड्डे काढून लावली नव्हती. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तकांनी 1970च्या दशकात आपल्या सह्याद्रीतल्या देवराया फिरून अभ्यासल्या, त्या तोवर टिकल्या कारण देवाच्या राईतली काटकीही न्यायची नाही हा जुना दंडक होता. पातेराही त्यातच आला ना?

आता दिवाळीनंतर उरलेल्या भागात पेव्हर ब्लॉक टाकायचं घाटतंय. माझी हात जोडून विनंती आहे, झाडू देवळाच्या अंगणापुरताच फिरवा, पालखीला लागते तेवढी एक वाट मोकळी ठेवा, अंगणातला पाचोळाही न जाळता राईत नेऊन टाका. आणि ठराव करायच्या आधी मानकरी, गुरव, तरुण मंडळी सगळ्यांनी पाऊस आहे तोवर एकदा माझ्याबरोबर या, दोन्ही बाजूंच्या मातीत हात घालून बघा.

— एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी