प्रत्यारोपण झाले, गोळ्यांचे कोण सांगणार?

संपादक महोदय,
स. न.

कालची अवयवदान दिनाची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. अवयव नेणाऱ्या गाडीसाठी रस्ता मोकळा ठेवतात, त्या ग्रीन कॉरिडॉरचा नकाशा छान काढलाय. कुठल्या चौकात किती सेकंद वाचले तेही कळलं. पण अवयव बसवून घरी आलेल्या माणसाबद्दल अख्ख्या पुरवणीत एकच ओळ, ‘रुग्णाने औषधे नियमित घ्यावीत.’ आभारी आहोत. आम्हाला ठाऊकच नव्हतं.

माझ्या यजमानांना मूत्रपिंड मी दिलं, त्याला दोन वर्षं झाली. डिस्चार्जच्या दिवशी व्हीलचेअर दारात उभी, मुलगा बिलाच्या रांगेत, आणि सिस्टरने सहा-सात मिनिटांत अकरा औषधं समजावली. मी मान डोलावत राहिले. चिपळूणला पोचेपर्यंत त्यातली निम्मी घाटात सांडली होती.

गेल्या जुलैत यांना खोकला धरला. इथल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. ज्या मेडिकलमधून दर महिन्याला टॅक्रोलिमस (शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणूनची रोजची गोळी) घेतो, तिथूनच, त्याच मुलाकडून ही स्ट्रिपही घेतली. त्याने विचारलं ते एवढंच, ‘काकू, पिशवी आणलीय का?’

चौथ्या दिवशी सकाळी यांच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. चहा बशीत, बशीतून लेंग्यावर. पुण्याच्या रुग्णालयात नेलं. टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल यांना ८ च्या आत ठेवायला सांगितलीय, ती १९ निघाली. मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन १.२ वरून १.९, म्हणजे बिघाडच. तो आकडा एकट्या यांचा नाही हो, त्यात मीही आहे.

कारण सापडलं ते तिथल्या औषधांच्या खिडकीतल्या फार्मासिस्ट मुलीला. ‘बाहेरचं काही सुरू केलंत का?’ मी पर्समधून स्ट्रिप काढली. ती म्हणाली, या अँटिबायोटिकमुळे टॅक्रोलिमसचा निचरा होत नाही, ते रक्तात साचत जातं. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मग मला म्हणाली, ‘रक्त द्यायच्या आधी सकाळची गोळी घेता का?’ घेतो की! पहाटे चारला चिपळूण सोडायचं, साताऱ्याला आठचा गजर होतो, स्टँडवरच्या चहाबरोबर गोळी, अकराला रक्त. तिने कपाळाला हात लावला. ही तपासणी रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर, सकाळची घ्यायच्या आधी करायची असते. गोळी पोटात गेल्यावर आकडा चढलेलाच येणार. म्हणजे इतके दिवस आम्ही खोटा आकडा घेऊन येत होतो, आणि एकदा तर त्यावर डोसही कमी झाला होता. (त्या दिवशी धावपळीत गोळी घ्यायचीच राहिली होती, म्हणून तो १९ तरी खरा.) हे सगळं तिने एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मराठीत लिहून दिलं. पुठ्ठा आमच्या फ्रिजवर चिकटवलाय. पुढच्या खेपेला मात्र खिडकीत दुसराच कुणी होता, त्याने नुसत्या गोळ्या मोजून दिल्या.

२०१५ च्या फार्मसी नियमांत रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचंच काम म्हणून लिहिलेलं आहे. आमच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलंय, फक्त हार घालायचा राहिलाय. माणूस मी आजवर पाहिलेला नाही. माझी भाची फार्म. डी. ही औषधशास्त्रातली सहा वर्षांची पदवी करून एका मोठ्या रुग्णालयात लागली. ती दिवसभर एक्सपायरीच्या तारखा तपासते. तिला घरी सोडायच्या रुग्णाशेजारी अर्धा तास बसवलं आणि नंतर अडीअडचणीला एक फोन नंबर दिला, तर कुणाचं काय जाणार आहे? डॉक्टरांना वेळ नसतो हे मान्य. त्या दिवशी ते आमच्यावर ओरडले, पण त्यांचाही राग समजू शकते.

आता आलेच आहे तर तुमच्याविषयीही. त्याच पुरवणीत पान चारवर ‘बहुगुणी पपनस’ असा लेख आहे, मूत्रपिंडालाही उत्तम म्हणे. टॅक्रोलिमस घेणाऱ्याला ग्रेपफ्रूट आणि पपनस दोन्ही वर्ज्य, लेव्हल चढते. पुठ्ठ्यावर तिसरीच ओळ आहे ती. गणपती तोंडावर आलेत, परसातलं झाड लगडलंय, आणि यांनी तुमचं ते पान कापून ठेवलंय. कालपासून मला दाखवतायत, ‘बघ, पेपरात आलंय.’ खुलासा छापणार असाल तर त्याच पानावर आणि तेवढ्याच टायपात छापा. आत कुठे कोपऱ्यात टाकलात तर हे वाचणार नाहीत.

– एक वाचक, चिपळूण (नाव छापू नये)