बक्षीस द्यायचे तर स्टँड रात्री दोनला पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वच्छ आणि सुंदर बसस्थानकांच्या स्पर्धेत अमक्या आगाराने बाजी मारली, तमक्याला पारितोषिक मिळाले, अशा बातम्या अधूनमधून वाचते. एसटीने २०२३ मध्ये हे अभियान सुरू केले. शहरी, निमशहरी, ग्रामीण असे गट पाडले, परीक्षक नेमले, गुण ठरवले. चांगलेच केले. त्यामुळे कुठे भिंती रंगल्या, कुठे कुंड्या आल्या, कुठे वर्षानुवर्षे बंद असलेला पंखा फिरू लागला. माझी तक्रार एवढीच की परीक्षक येतात ते दिवसा, आणि येणार हे आधी ठाऊक असते.

मी कीर्तनकार आहे. सांगली जिल्ह्यात राहते, पण उत्सवांच्या दिवसांत घरी थोडी आणि एसटीत जास्त असते. रात्री साडेनऊला कीर्तनाला उभी राहते, आरती-प्रसाद होईपर्यंत बारा वाजून जातात. यजमान जीपने स्टँडवर सोडतात आणि "ताई, येईलच हो गाडी" म्हणून निघून जातात. मग मी, तबलजी, पेटीवाले काका आणि पेटी. काकांना तिकीट लागत नाही. ते वयाने एसटीपेक्षाही दोन वर्षांनी मोठे (पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली ती १ जून १९४८ ला), आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. मला अर्धे तिकीट. म्हणजे गाडीत आमची बडदास्त उत्तम आहे. प्रश्न गाडी येईपर्यंतचा आहे.

मी पाहिलेल्यांतले सगळ्यात वाईट स्टँड आधी सांगते. नाव लिहीत नाही. तालुक्याचे गाव आहे, बाजारपेठ मोठी आहे. इमारत नवीकोरी, दर्शनी भागाला निळी काच, आत पाय घसरेल इतकी गुळगुळीत फरशी. दत्तजयंतीचे कीर्तन आटोपून आम्ही तिथे पोचलो तेव्हा थंडी मी म्हणत होती. आवारात एकच दिवा जळत होता, तोही बंद रसवंतीच्या पाटीवर. चौकशीच्या खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला. बाकडी रिकामी होती, पण प्रत्येकाखाली एकेक कुत्रे मुटकुळे करून झोपलेले. त्यांची आमच्याबद्दल काही तक्रार नव्हती, आमचीही नव्हती. काकांनी मोबाइलच्या उजेडात भिंतीवर रंगवलेले वेळापत्रक वाचले. आमची गाडी १ वाजून ५० मिनिटांची. पावणेदोन झाले, दोन झाले, अडीच झाले. गाडी नाही, आणि नाही म्हणून सांगायलाही कोणी नाही. शेवटी तबलजी रस्त्यापलीकडच्या टपरीवर विचारून आला. टपरीवाला म्हणाला, "रात्रीची गाडी आत येतच नाही. बायपासनं जाते. तुम्ही नाक्यावर थांबायचं होतं." नाका दोन किलोमीटरवर. आणि आमची गाडी तेव्हा तिथूनही पुढे गेलेली.

आता, पाटीवर वेळ लिहिलेली गाडी स्टँडात का वळत नाही? पुढे एका वाहकानेच मला हे उलगडून सांगितले. गाडी स्थानकात आली की वाहक खाली उतरून वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जातो आणि नोंद करून घेतो. ती नोंद म्हणजे गाडी येऊन गेल्याचा पुरावा. खिडकीत माणूस नसेल तर नोंद होत नाही, आणि नोंद होत नसेल तर गाडी आत आली काय नि बाहेरून गेली काय, विचारणार कोण? बायपासने गेले की वीस मिनिटे वाचतात. चालकही माणूस आहे, त्यालाही झोप हवी. म्हणून मी त्या चालकावर फार चिडले नाही. एका नियंत्रकाची रात्रपाळी वाचवायची म्हणून लाखोंची इमारत रात्रभर निरुपयोगी करून ठेवायची, या हिशेबावर मात्र चिडले.

त्याच स्टँडवर हिरकणी कक्षही आहे. तान्ह्या बाळाच्या आईसाठी ही खोली असते, कल्पना फार चांगली. दाराला कुलूप होते आणि फटीतून पार्सलची खोकी दिसत होती. मी उत्तररंगात हिरकणीचे आख्यान लावते. बाळाच्या ओढीने ती रायगडाचा कडा उतरली, पण हे कुलूप काही तिला उघडले नसते.

याउलट, मला भेटलेल्या सगळ्यात चांगल्या स्टँडला इमारतच नाही. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागा, भीमा, विठ्ठल आणि पांडुरंग या नावांची यात्रास्थानके चालतात. अलीकडे आषाढीला एसटी पाच हजारांवर जादा गाड्या सोडते. त्या एकाच आवारात मावणार नाहीत, म्हणून विभागवार वाटणी असते. नाशिक-जळगावकडच्या गाड्या विठ्ठलवर, मराठवाडा-विदर्भाच्या भीमावर, असे. पायाखाली चिखल, वर पत्रे नाहीतर कापड, बांबूला बांधलेले दिवे. पण दर फलाटाला पाटी, पाटीखाली माणूस, आणि कर्ण्यातून अखंड आवाज: "चोपडा, यावल, रावेर... रावेरची भरली, मागची लागते आहे, घाई करू नका." एका वर्षी एकादशीच्या रात्री तिथे एका नियंत्रकाला मी बराच वेळ पाहत उभी होते. अंगात रेनकोट, गळ्यात शिट्टी, हातात वही, आणि पावसात भिजू नये म्हणून वही दुधाच्या पिशवीत घातलेली. लिहिताना पिशवी वर सरकवायची, लिहून झाले की खाली. दिंडीतून चुकलेली एक आजी त्याच्यापाशी आली, गाव परभणीकडचे. "माउली, तुमची गाडी इथं नाही, भीमावर," एवढे सांगून तो थांबला नाही. तिकडे निघालेल्या एका गाडीच्या चालकाला हात करून त्याने तिला वर बसवले आणि वाहकाला बजावले, "उतरवून फलाट दाखव, नुसती सोडू नको." मग पुन्हा वही. अशा माणसाला कुठले पारितोषिक मिळते की नाही, कोण जाणे!

गोव्यात उत्सवांना कीर्तने असतात म्हणून पणजीचे कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचे, स्थानकही माझ्या परिचयाचे. मडगावच्या शटलचे तिकीट खिडकीवर काढायचे, रांगेत राहायचे, गाडी भरली की सुटते आणि दुसरी लागते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली कला तिथे वाया जाते. रात्री मात्र पणजीलाही पेंग येते, तेव्हा यजमानांची गाडी बरी. बेळगावच्या पाट्या कन्नडमध्ये, मला त्यातले अक्षर कळत नाही. पण चौकशीला माणूस होता, त्याने मराठीत फलाट सांगितला, विषय संपला. माझ्या लेखी पाटीपेक्षा माणूस मोठा.

आता जरा अवघड विषय. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. गाड्यांत बायका वाढल्या, हे कोणीही सांगेल. माहेरी जाणाऱ्या, बाजाराला जाणाऱ्या, कॉलेजच्या मुली, दवाखान्यात चाललेल्या. स्टँडवरची बायकांची मोरी मात्र तेवढीच आणि तशीच राहिली. एका मोठ्या शहरातल्या स्थानकावर (याचेही नाव नको) मी बाहेर आले तर टेबलामागचा मुलगा म्हणाला, "मावशी, दहा रुपये." मी म्हटले, "लघवी विनामूल्य अशी पाटी असते ना?" तो म्हणाला, "ती पुरुषांसाठी." मी मागे वळून पाटी शोधली. होती. त्याने तिच्यावर आपले जर्किन टांगले होते. जर्किन बाजूला करून मी मोठ्याने वाचून दाखवले, तर मागे उभ्या असलेल्या चार बायकांनी आपापल्या दहाच्या नोटा पुन्हा बटव्यात टाकल्या. मुलगा बिचारा रोजंदारीवरचा असणार, ठेकेदार त्याच्याकडून रोज ठरलेली रक्कम मागत असणार. पण बायकांना पाणी न पिता प्रवास करण्याची सवय लागली आहे ती याच टेबलामुळे. आठ-आठ तास पाण्याचा घोट न घेता प्रवास करायचा आणि मग रात्री दीड तास निरूपण करायचे, हे माझा घसा मला दर खेपेला ऐकवतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत स्वारगेटला पहाटे उभ्या गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाला, तेव्हा दिवे, कॅमेरे, पहारेकरी यांची चर्चा राज्यभर झाली. ती पुण्यापुरती राहू नये. पुण्यात निदान माणसांची वर्दळ असते. तालुक्याच्या स्टँडवर रात्री एकट्या बाईला हाक मारायची तर ऐकायला कुत्रीच.

म्हणून एसटीला आणि परीक्षकांना आपल्या पत्रातून सुचवते: गुणांमधले निम्मे गुण रात्री बारा ते चार या वेळेसाठी ठेवा. न कळवता या. खिडकीत माणूस आहे का, रात्रीची गाडी आत येते का, बायकांच्या मोरीत दिवा आणि पाणी आहे का, हिरकणी कक्षाची किल्ली मागितल्यावर पाच मिनिटांत मिळते का, एवढेच पाहा. कुंड्यांचे गुण दिवसा द्या, हरकत नाही. आणि जी गाडी रात्री बायपासने जाते, तिची वेळ भिंतीवरून तरी पुसा, म्हणजे आम्ही सरळ नाक्यावर जाऊन उभे राहू.

परीक्षकांना जागरण झेपत नसेल तर तेही सोडवता येईल. आम्ही कीर्तनकार, भजनी मंडळे, तमाशाचे फड, बँडवाले, लग्नातले आचारी, बाजाराची भाजी घेऊन निघालेल्या बायका, सगळे त्या वेळी स्टँडवर असतोच. छापील गुणपत्रिका आमच्या हाती द्या, भरून वाहकाकडे देऊ. पेटीवाल्या काकांचे अक्षर सुरेख आहे, आणि रात्री दोनला त्यांना दुसरे काही कामही नसते.

आपली,
एक कीर्तनकार, सांगली जिल्हा