सूचना: ट्रायलआधी (चिखल-चढाच्या स्पर्धेआधी) जुनी ऑस्टिन सेव्हन मोटार तपासून आणा

सभासदांनो, आधी ब्रेक. केबलने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकला आजचं कडक लायनिंग (ड्रमवर घासणारा थर) लावू नका. पायाच्या जोरावर ते पकडतच नाही. मऊ, विणलेलंच हवं.

दिवे मंद म्हणून ६ चे १२ व्होल्ट करणार असाल, तर बल्ब, कॉइल आणि डायनॅमोचं चार्जिंगही जुळवावं लागेल. ३६ वॉटच्या बल्बला ६ व्होल्टवर ६ अँपिअर लागतात, १२ वर ३. त्याआधी गंजलेलं अर्थिंग (गाडीच्या सांगाड्याशी असलेली विजेची जोडणी) घासून बघा. बहुतेकदा चोर तिथेच सापडतो.

चिखलासाठी मागच्या चाकांची हवा फार उतरवलीत, तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. बीडेड एज टायर (हवेच्या दाबावरच रिमच्या खाचेत टिकणारे जुने टायर) असतील तर हवा अजिबात कमी करू नका, टायरच निघून येईल.

१९३६ पूर्वीच्या ७४७ सीसी इंजिनाला क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याच्या) मधोमध आधाराचं बेअरिंग नाही. चढावर इंजिन किंचाळवू नका. क्रँक लवतो आणि एक दिवस तुटतो.