वयोगट : सहा ते पंचवीस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत उन्हाळी शिबिरांची यादी आली होती. रोबोटिक्स, स्केटिंग, अबॅकस, हस्ताक्षर सुधार, व्यक्तिमत्त्व विकास. प्रत्येकापुढे फी आणि फीच्या पुढे वयोगट : ६ ते ८, ८ ते १०, ११ ते १३. माझा धंदा शिवणकामाचा, त्यामुळे कात्री हातात होतीच. कापून ठेवावी म्हणून यादी दोनदा वाचली आणि शेवटी तशीच ठेवली. फी खटकली असं नाही, तिची आम्हाला सवय आहे. खटकला तो वयोगटाचा रकाना. शाळेत मुली एकाच वयाच्या, क्लासमध्ये एकाच वयाच्या, आता सुट्टीतही आठ वर्षांच्या मुलीने आठ वर्षांच्याच मुलींत बसायचं. मग आठ वर्षांच्या मुलीला चौदा वर्षांची मुलगी भेटणार कुठे? मला ती जागा सापडली मुलींच्या स्काऊटमध्ये, म्हणजे गाईडच्या पथकात. पण आधी थोडं मागचं.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत जन्मले आणि लग्न होऊन चार इमारती सोडून पलीकडे गेले, एवढाच माझा प्रवास. ज्यांनी या चाळी आतून पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, एकशे साठ चौरस फुटांची एकेक, आणि खोल्यांच्या दोन रांगांमधून जाणारा लांबलचक अंधारा पॅसेज. संडास सगळ्यांचे मिळून. रात्री लहान मुलीला जायचं झालं तर आई उठत नसे, शेजारची ताई उठे. ती दाराबाहेर उभी राहून गाणं म्हणायची, म्हणजे आतलीला कळावं की ही अजून गेलेली नाही. मी सहा वर्षांची असताना माझ्यासाठी उभी राहणारी ताई चौदाची होती. मी चौदाची झाले तेव्हा माझ्या वाट्याला दोघी आल्या, आणि त्यातली एक फार वेळ लावायची. पाळी म्हणजे काय हे मला आईने सांगितलं नाही. त्या ताईने सांगितलं, पॅसेजमध्ये गहू निवडता निवडता, मान वर न करता.

चाळीचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. पाण्याच्या पिंपांवरून झालेली भांडणं मी विसरलेली नाही. चाळीच्या पुनर्विकासात मिळालेल्या नव्या टॉवरमध्ये आमचं घर पाचशे फुटांचं आहे, संडास घरात आहे, सासूबाई रोज सकाळी त्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मीही मानते. पण तेविसाव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडलं की बंद दारं. कुठल्या दारामागे कुणाची मुलगी आहे, हे ती ब्लाउजच्या मापाला आली तरच मला कळतं.

आता मुद्द्याकडे येते. आमच्या जुन्या चाळींजवळच्या मैदानाला सगळे जांबोरी मैदान म्हणतात. कबड्डी, दहीहंडी, सभा, सगळं तिथे पाहिलं. चाळीस वर्षं तो शब्द तोंडात घोळवला, पण जांबोरी म्हणजे स्काऊट-गाईडचा मोठा मेळावा, हे मला सांगितलं ते माझ्या तेव्हा आठ वर्षांच्या मुलीने.

तिला ते कळलं असं : तीन वर्षांपूर्वी टॉवर होईपर्यंत आम्ही तात्पुरत्या घरात, संक्रमण सदनिकेत राहत असताना एक बाई आकाशी कापड घेऊन माझ्याकडे आल्या. चौदा मुलींचे गणवेश शिवायचे होते. एका गटाचे गणवेश म्हटले की मापं साधारण सारखी येतात, शाळेचे तसेच असतात. इथे पहिलं माप छाती बावीस आणि शेवटचं छत्तीस. मला वाटलं, दोन वेगवेगळ्या ऑर्डरी मिसळल्या. बाई म्हणाल्या, नाही, हे एकच कुटुंब आहे. सहा-सात वर्षांपासून दहापर्यंतच्या त्या बुलबुल, दहाच्या पुढे शाळा संपेपर्यंत गाईड आणि त्याच्या पुढे पंचविशीपर्यंत रेंजर. स्कार्फ वेगळे : त्रिकोणी, दोन बाजू सत्तर ते ऐंशी सेंटीमीटर. माझी मुलगी शेजारी बसून बटणांचे रंग लावत होती. तिने विचारलं, "मी पण येऊ?" बाईंनी तिचं माप मलाच घ्यायला लावलं. छाती चोवीस.

बहुतेक पथकं शाळांची असतात. मुलीने शाळा बदलली की पथक सुटतं. हे पथक कुठल्याच शाळेचं नाही, ओपन आहे. त्यामुळे महापालिकेच्या शाळेतली, इंग्रजी माध्यमातली आणि शाळा संपवून दुकानात कामाला लागलेली, तिघी एका दोरीला गाठी मारत बसलेल्या दिसतात. दोरीचंच सांगते. आमच्यातली एक रेंजर वरळी कोळीवाड्यातली आहे. पहिल्यांदा क्लोव्ह हिच नावाची गाठ शिकवली तेव्हा ती हसायलाच लागली. म्हणाली, ही तर माझा बाबा रोज होडीला मारतो, याचं इंग्रजी नाव कशाला पाहिजे? तेव्हापासून गाठी शिकवायचं काम तिच्याकडे. ती मोठ्या मुलींना शिकवते, मोठ्या मुली बुलबुलांना. बाई फक्त चहा पीत बघत असतात, आणि हेच मला सगळ्यात आवडलं.

गाईडमध्ये सहा-आठ मुलींचा एक संघ, त्याची एक संघनायिका. संघनायिकांची मिळून मानसभा बसते आणि पुढच्या महिन्यात काय करायचं ते ठरवते. मी आधी समजले, हे नावापुरतं असेल, शाळेतल्या मॉनिटरसारखं. पण गेल्या पावसाळ्याआधी सहल कुठे न्यायची यावर मानसभेने बाईंचा बेत चक्क फेटाळला. बाईंना राणीचा बाग हवा होता. मुलींनी माहीमजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान धरलं, कारण ते पूर्वीच्या कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलंय हे एकीने वाचलं होतं आणि कचऱ्यावर झाड वाढतं कसं ते तिला बघायचं होतं. गेल्या सगळ्या निसर्ग उद्यानात. बाईही गेल्या.

घरात सासूबाईंचा विरोध होता, तो डाव्या हातामुळे. स्काऊट-गाईड एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. मुलीने आजीला समजावलं की डावा हात हृदयाच्या बाजूचा असतो. आजी म्हणाल्या, "हृदयाच्या बाजूचा असू दे, नैवेद्याला चालत नाही." पुढे त्याच आजी गॅलरीत पाय घसरून पडल्या आणि मनगट सुजलं. मी रिक्षा की टॅक्सी करत गोंधळले (रिक्षा वरळीत येत नाही हेसुद्धा सुचेना) आणि मुलगी तोवर स्कार्फची झोळी करून हात गळ्यात बांधून मोकळी. डॉक्टरांनी विचारलं, कुणी बांधलं? सासूबाईंनी उत्तर दिलं ते मी अजून जपून ठेवलंय : "आमच्याकडे एक आहे."

स्कार्फच्या टोकाला रोज सकाळी एक छोटी गाठ मारतात आणि दिवसभरात कुणाचं तरी एक काम केल्याशिवाय सोडत नाहीत. एका रात्री दहा वाजता मुलगी रडकुंडीला आली, गाठ तशीच राहिली होती. शेवटी शेजारच्या दारावर जाऊन तिने त्यांच्या कचऱ्याची पिशवी मागून घेतली. त्या शेजाऱ्यांशी आमची ती पहिली ओळख.

हे सगळं परक्यांचं, इंग्रजांचं, असं म्हणणारे आहेत. त्यांना बाईंनी सांगितलेली गोष्ट सांगते. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मुलग्यांच्या स्काऊटचा मेळावा होता. तिथे काही मुली न बोलावता आल्या आणि म्हणाल्या, आम्हीपण स्काऊट. पुढच्या वर्षी मुलींसाठी गाईड निघालं. भारतात १९११ साली जबलपूरला पहिलं पथक सुरू झालं. भारत स्काऊट आणि गाईड ही आपली संस्था ७ नोव्हेंबर १९५० ची, आणि गाईड तिच्यात आल्या १५ ऑगस्ट १९५१ ला. म्हणजे या संस्थेला माझ्या सासूबाईंपेक्षा जास्त वर्षं झाली. पुण्याला आळंदी रस्त्यावर 'संगम' नावाचं जागतिक केंद्र १९६६ पासून आहे. अशी केंद्रं साऱ्या जगात पाच. आळंदीला आम्ही किती वेळा गेलो, त्या फाटकाकडे मान वळवून कधी पाहिलं नाही.

आता माझी तक्रार. ती संस्थेबद्दल नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीबद्दल आहे. गणवेशातल्या मुली दिसल्या की आपल्याला त्या पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या करायच्या वाटतात. मागच्या वर्षी एका कार्यक्रमाला आमच्या मुलींना बोलावलं होतं. पाहुणे अडीच तास उशिरा आले. तोवर बावीस मापाच्या बुलबुलपासून छत्तीस मापाच्या रेंजरपर्यंत सगळ्या हातात फुलांचं ताट घेऊन उन्हात. मुलगे होते, त्यांना खुर्च्या लावायचं काम दिलं होतं, ते निदान सावलीत होते. ताट धरण्यासाठी मी काजं-बटणं करत नाही, हे मी आयोजकांना तोंडावर सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी बोलावलं नाही, बरंच झालं.

दुसरी तक्रार जागेची. नव्या इमारतीत तळाला मोठा हॉल आहे. आठवड्यातून दोन तास बुलबुलांसाठी द्या म्हणून मी समितीला अर्ज केला. उत्तर आलं, वाढदिवसाला जे भाडं आहे ते भरा. वर एका सभासदांनी विचारलं, "याचे दहावीला मार्क धरतात का?" आई-बापही हेच विचारतात. आठवीत गेलं की मुलीला काढतात, क्लास असतो म्हणून. म्हणजे नेमकी ज्या वयात ती दुसऱ्या कुणाची ताई होणार, त्या वयात आपण तिला उचलून आणतो. मग खालच्या मुलींना कोण?

मागच्या शिबिराची एक गोष्ट आहे, ती लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. रात्री तंबूत आमच्या एका अकरा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली. मी पलीकडच्याच तंबूत होते, मला सकाळपर्यंत पत्ता नव्हता. कोळीवाड्याच्या त्या रेंजरने सगळं निस्तरलं होतं, पॅड दिलं होतं, कपडे धुऊन दोरीवर टाकले होते, आणि तिच्या संघातल्या चौघींना जवळ बसवून काय झालं ते सांगितलंही होतं. सकाळी मला एवढंच म्हणाली, "मावशी, आज तिला धावायला लावू नका." मला तो पॅसेज आठवला, गहू निवडायचं सूप आठवलं. मी तंबूच्या मागे जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

मी शिबिराला कशी, असं विचाराल. पथकाला मुली कमी नाहीत, मोठ्या बायका कमी आहेत. बुलबुलांना सांभाळणाऱ्या बाईंची बदली झाली आणि मुली वाट बघत राहिल्या. मी म्हटलं, मी बारावी झालेली शिंपीण, मला कोण घेणार? घेतलं. सात दिवसांचा बेसिक कोर्स होता, राहून करायचा. लग्नानंतर मी सात रात्री घराबाहेर कधीच राहिले नव्हते, माहेरी तर चार इमारतींवर! पहिल्या रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी शिट्टी वाजवायला शिकले, पाचव्या दिवशी चूल पेटवायच्या शर्यतीत पहिली आले (ही चाळीची पुण्याई). नवऱ्याने त्या आठवड्यात भाताला पाणी किती घालायचं ते शिकून घेतलं, हा कोर्सचा जोडफायदा.

तर संपादक महाराज, विनंती एवढीच. पुढच्या यादीत आपापल्या विभागातल्या गाईड आणि बुलबुलांच्या पथकांना चार ओळी द्या. शाळांच्या पथकांची तर शाळेतच चौकशी होते. ओपन पथकं शोधायची कुठे, हे कुणाला माहीत नसतं. शिवाजी पार्कच्या कडेचा स्काऊट हॉल कित्येकांनी फक्त बसमधून पाहिलेला असतो, आत जाऊन विचारावं असं सुचत नाही. आणि ज्या वाचक भगिनींची मुलं मोठी झाली आहेत, दुपारी मालिकांचे पुन्हा पुन्हा तेच भाग बघत बसतात, त्यांनी शनिवारचे दोन तास काढावेत. गाठी येत नसल्या तरी चालतं. मला येत नव्हत्या.

वयोगटाच्या रकान्यात काय छापायचं असं आपल्या कचेरीतून कुणी विचारलं तर सहा ते पंचवीस असं छापा.

माझ्या मुलीचं कोमल पंख आणि रजत पंख (बुलबुलच्या पायऱ्या) झालं, पुढचे पंख राहिले. बुलबुलचा फ्रॉक आखूड झाला आणि आता ती गाईडमध्ये आहे, छाती तीस. तिचा जुना फ्रॉक उसवून, दोन्ही बगलांत शिवण आत घेऊन पंधराव्या मजल्यावरच्या एका मुलीसाठी बेतला आहे. ती शनिवारी पहिल्यांदा येणार आहे. तिला एकटीला लिफ्टने यायची भीती वाटते, म्हणून माझी मुलगी तिला घ्यायला खाली जाणार आहे.

आपली नियमित वाचक,
वरळी, मुंबई १८